आक्कांची छाट

आक्का गेल्या त्या दिवशी गुरुवार होता. सकाळी त्यांच्याशेजारी बसून बिड्या वळणाऱ्या हौसाचा फोन आला. मी चपला घातल्या आणि निघालो. ओट्यावर सूप भिंतीला टेकवून ठेवलं होतं. पायरीवर माणसं बसली होती.

निपाणीच्या गल्ल्यांतून बिडी वळणाऱ्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. सूप मांडीवर, त्यात कापलेली पानं आणि तंबाखू, बोटं आपली चालू, आणि तोंडाला गप्पांची मोकळीक. आक्का त्यांच्यातल्याच एक. त्यांची एक लकब मात्र मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. वळून झालेली बिडी त्या अंगठा आणि तर्जनीत धरून कानाजवळ नेत आणि हलकेच दाबत. कारखान्यात माल द्यायला गेलं की तिथला तपासनीस बिडी अशीच दाबून बघतो आणि नापसंत माल बाजूला सारतो. त्या मालाला छाट म्हणतात. छाटीची मजुरी मिळत नाही. चाळीस वर्षं आक्कांनी हा शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकला. शेवटची तीन वर्षं त्यांनी तो मला ऐकवला.

मी इथल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होतो. निवृत्त झाल्यावर एक पुस्तक लिहायचं मनात होतं: देशाचा आर्थिक व्यवहार कसा चालतो, उत्पन्न म्हणजे काय, महागाई का होते, सरकार आणि बँका काय करतात, हे सगळं अर्थशास्त्र न शिकलेल्या माणसाला कळेल असं. तीस वर्षं मी हा विषय वर्गात शिकवला होता आणि मुलांनी तो परीक्षेत लिहिला होता. पण तो कुणाला कळला होता का, याची मला खात्री नव्हती. ती एकदा करून घ्यायची होती.

आमच्या वाचनालयासमोरच आक्कांचं घर. रोज अकरा वाजता पिशवीत कागद घालून मी आत जातो आणि एक वाजता बाहेर पडतो, हे त्या ओट्यावरून बघत असत. एके दिवशी त्यांनी हटकलंच.

"सर, रोज काय लिवतासा एवढं?"

"पुस्तक लिहितोय, आक्का. देशाचा संसार कसा चालतो त्याचं."

"कुनासाठी?"

"तुमच्यासाठीच म्हणा की. जे हा विषय शिकलेले नाहीत त्यांच्यासाठी."

"मग मला न दावता आत बसून काय करतासा?" त्या म्हणाल्या. "बसा हितं. वाचा."

मी पायरीवर बसलो आणि पहिलं प्रकरण वाचायला लागलो. आक्का चौथी शिकल्या होत्या, वाचता येत होतं, पण हात रिकामे नसायचे म्हणून त्या ऐकत. दीड पान झालं असेल. त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, दोन बोटांत धरला, कानाजवळ नेऊन दाबला आणि परत दिला.

"ही छाट."

शेजारी बसलेली हौसा फिस्सकन हसली. हौसा आक्कांहून वीस वर्षांनी लहान आणि जिभेने वीस वर्षांनी मोठी. "सर, वाईट वाटून घिऊ नगा," ती म्हणाली. "माझ्याबी पयल्या दिवशी निम्म्या छाट झालत्या."

त्या दिवशी आक्कांनी एक अट घातली. "ऐकते मी तुमचं समदं पुस्तक. पन माझा एक सवाल हाय. त्याचं उत्तर पुस्तकात असलं पायजे. नसलं तर समदंच छाट."

"विचारा."

"लगीन हून बोरगावास्नं हितं आले तवापासनं मी बिड्या वळते. हजाराला मजुरी किती वेळा वाढली ते म्या मोजायचं सोडलं. पन मजुरीच्या दिवशी बाजारला गेले की बुट्टी तेवढीच भरायची. कवा कवा कमीच. मग वाढलेलं गेलं कुठं? नवरा पीत न्हवता. मी चैन केली न्हाय. कुठं गेलं?"

बुट्टी म्हणजे बाजाराची टोपली. मी म्हणालो, याचं उत्तर सोपं आहे, महागाईच्या प्रकरणात येईल. सोपं आहे, असं मी म्हणालो हे मला पक्कं आठवतं.

तिथून आमची शाळा सुरू झाली. आठवड्यातले दोन दिवस, दुपारी ऊन ओट्यावरून सरकलं की मी हजर. माझं वाचन चाललेलं असताना आक्कांच्या हातांवर लक्ष ठेवायला मी शिकलो. हात संथ चालले तर मजकूर कळतोय. हात भराभर चालायला लागले तर त्यांचं लक्ष उडालं आहे. आणि हात थांबले की मी धास्तावायचो, कारण आता काहीतरी येणार.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रकरणाला हात थांबले. वर्षभरात देशात जो माल तयार होतो आणि ज्या सेवा पुरवल्या जातात त्यांची बाजारातल्या किमतीने केलेली बेरीज, असं मी साध्या शब्दांत लिहिलं होतं. मला ते वाक्य आवडलं होतं.

"मी रोज भाकऱ्या थापते, त्या मोजल्या का न्हाय ह्यात?"

"घरच्यासाठी केलेल्या नाहीत मोजत, आक्का."

"आनि खानावळीतल्या?"

"त्या मोजतात."

आक्का हौसाकडे वळून म्हणाल्या, "हौसा, उद्यापासनं असं करूया. तू माझ्या घरात येऊन भाकऱ्या कर, मी तुझ्या घरात येऊन करते. तू मला पैसे दे, मी तुला देते. भाकऱ्या तेवढ्याच, पैसे तेवढेच. पन सर म्हंत्यात तसा देश वर जातोय बघ."

"जाऊ दे की वर," हौसा म्हणाली. "पन तुमच्या भाकऱ्या आमच्यात कुनी खानार न्हाय. कडा जाड असत्यात."

मी वर्गात हा आक्षेप दोन तासांत समजावून सांगायचो. तरी तो प्रकरणाच्या शेवटी, बारीक टिपेत टाकला होता. आक्कांनी तो वर आणायला लावला. आता ते प्रकरण भाकरीनेच सुरू होतं.

त्यांना माझ्या उपमांचा विशेष राग. मी वाचकाला जवळचं वाटावं म्हणून खेड्यातलं काही काही घालायचो. महागाई वाढली की मध्यवर्ती बँक व्याजाचा दर वाढवते, कर्जं महाग होतात, खरेदी कमी होते आणि भाव थंडावतात, हे सांगताना मी लिहिलं होतं, 'जशी गृहिणी चुलीतली लाकडं मागे ओढते.'

"चूल कुनाकडं हाय आता?" आक्का म्हणाल्या. "गॅस बारीक करत्यात म्हना की सरळ. आमी काय डोंगरात ऱ्हातो व्हय?"

मी खोडलं आणि गॅस लिहिलं.

"पन एक हाय," त्या हात चालवत म्हणाल्या. "माझ्या शेगडीला दोन बटनं हायती. भात करपाय लागला तर भाताखालची बारीक करायची. तुमच्या बँकेला किती?"

"मोठं म्हणावं असं एकच, आक्का. सगळ्या देशाला तेच."

"मग डाळ कच्ची ऱ्हायची की वो."

मी पेन्सिल काढून ते समासात जसंच्या तसं लिहून घेतलं. हौसा म्हणाली, "आक्का, तुमी बोलतासा आनि सर लिवत्यात. मग पुस्तक कुनाचं म्हनायचं?" आक्कांनी तिला पानांचा चुरा फेकून मारला.

काटकसरीचं प्रकरण तर मी जवळजवळ त्यांच्याकडूनच घेतलं. एका माणसाने खर्च कमी केला तर त्याची शिल्लक वाढते. सगळ्यांनी एकाच वेळी कमी केला तर सगळ्यांचंच उत्पन्न घटतं, कारण एकाचा खर्च ही दुसऱ्याची कमाई असते. माझी मुलं इथे हमखास अडायची. घराला जे चांगलं ते देशाला वाईट कसं, असं त्यांना वाटायचं. मला वाटलं आक्काही अडतील. त्यांचे हात संथ चालत राहिले.

"कळलं?"

"त्यात काय कळायचं? एकदा काम बंद पडलतं तवा बघितलंय की. पंधरा दिवस म्हनता म्हनता लांबलं. आमी समद्यांनी पदर आवळला. मी झंपर शिवायला टाकलं न्हाय. मग शिवनारी दळनाला येईना, ज्वारी जात्यावरच भरडाय लागली. मग गिरणीवाल्यानं पोराचं दूध कमी केलं. दूधवाली आमच्याच गल्लीतली. तिनं काय केलं? तिनं बी पदर आवळला." बिडीचं तोंड मिटत त्या म्हणाल्या, "एकीनं पदर आवळला तर ते शहाणपन. समद्यांनी आवळला तर गल्लीला फास."

"मग सुटला कसा?"

"कारखाना सुरू झाला. पयल्या मजुरीला मी झंपर टाकलं शिवायला. गरज न्हवती. पन टाकलं."

सरकारी खर्चाच्या प्रकरणात बायकांचा फुकट बसप्रवास येणं ओघानेच आलं. आमच्याकडे कर्नाटकात तो सुरू झाल्यापासून आक्का आणि हौसा महिन्यातून एकदा बेळगावला जाऊन येत. काम काही नसे. खिडकीतून बाहेर बघू, तिथला दुधाचा गोड कुंदा खाऊ, परत येऊ. तिकिटाचे वाचलेले पैसे कुंदावाल्याकडे गेले, त्याच्याकडून दूधवाल्याकडे गेले, असं फिरत फिरत उत्पन्न कसं वाढतं ते मी मोठ्या उत्साहाने वाचलं.

"ते खरं हाय," आक्का म्हणाल्या. "पन फुकट कसं म्हंतासा? कंडक्टरला पगार हाय, डिझेल हाय. कोन तरी देतंयच की."

"करातून येतं ते. लोक कर भरतात, त्यातून."

"म्हंजे जो गडी बिडी ओढतोय, त्यो कर भरतोय, आनि मी बेळगावला जाऊन कुंदा खाते."

"असंही म्हणता येईल."

"लई उपकार त्याचे," हौसा म्हणाली. "उद्यापासनं त्याच्या बिडीत चार काड्या तंबाखू जास्त घालते."

असं हसत खेळत सात प्रकरणं पास झाली. राहिलं आठवं, महागाईचं. आक्कांच्या प्रश्नाचं.

ते मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हात भराभर चालले. दुसऱ्यांदा लिहून नेलं, तेव्हाही. तिसऱ्या खेपेला मी निर्देशांक समजावला होता: ठरावीक वस्तूंची एक टोपली घ्यायची आणि दर वर्षी ती टोपली भरायला किती खर्च येतो ते बघायचं. बुट्टीची गोष्ट आहे म्हणजे आक्का खूष होतील असा माझा होरा होता. टोपलीतल्या वस्तूंची यादी मी वाचून दाखवली.

हात थांबले. "ही बुट्टी कुनाची?"

मी यादीकडे पाहिलं. तिच्यात रेल्वेचं तिकीट होतं, कपाट होतं, वर्तमानपत्र होतं, इस्त्रीचे कपडे होते. मी ती कुठून उतरवून काढलेली नव्हती. उदाहरण म्हणून मनानेच केली होती.

"माझीच दिसते," मी म्हणालो.

"मग तुमचं काय झालं बुट्टीचं? तुमचा पगार वाढला, भाव वाढलं. तुमाला कवा सवाल पडला न्हाय?"

तेव्हा मला ते सांगावं लागलं. आम्हाला महागाई भत्ता होता. भाव चढले की ठरावीक महिन्यांनी पगारात आपोआप भर पडायची. मी तीस वर्षं महागाई शिकवली आणि ती माझ्या ताटापर्यंत कधी आलीच नव्हती.

मला वाटलं आता आक्का काहीतरी लागट बोलतील. त्या हसल्या. "म्हंजे सरकार तुमची बुट्टी भरून देत व्हतं व्हय. आमच्याबी कागदावर असतोय म्हनं त्यो भत्ता. पन आमाला भांडून मागाय लागतोय. तुमाला घरबसल्या." मग म्हणाल्या, "तुमची चूक न्हाय, सर. भरल्या बुट्टीला वजन कळत न्हाय. ही बी छाट. उद्या माझ्यासंगं बाजारला चला."

दुसऱ्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. मी वही घेऊन आक्कांच्या मागे. ज्वारीच्या पोत्यापुढे त्या उभ्या राहिल्या, भाव विचारला, आणि स्वतःशीच पुटपुटल्या, "आठ कट्टे."

कट्टा म्हणजे पंचवीस बिड्यांची जुडी. मी विचारलं, "आठ कट्टे काय?"

"किलो ज्वारीला आठ कट्टे वळाय लागतात."

"तुम्ही रुपयांत नाही मोजत?"

"रुपयं दुकानदाराला द्यायचं असतात. मला काय कट्टेच कळतात."

मी तिथेच, भाजीच्या वाटेत, उभा राहिलो. मागून एक म्हातारा "वाट सोडा वो मास्तर" म्हणून ओरडला. ज्या गोष्टीसाठी मी तीन वेळा प्रकरण लिहिलं होतं, ती ही बाई चाळीस वर्षं बाजारात चालता चालता करत होती. किंमत श्रमात मोजायची. मजुरी आणि भाव दोन्हीही एकदम वाढले तर रुपयांच्या आकड्याने फसायला होतं. कट्ट्याने होत नाही.

"आधी किती लागायचे, आठवतं?"

आक्कांना साल आठवत नव्हतं. बारसं आठवत होतं. थोरल्या लेकीच्या बारशाला ज्वारी सहा कट्टे. तूरडाळ वीस. नातवाच्या बारशाला तूरडाळ पंचवीस. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. साखरेला मात्र त्या स्वतःच अडखळल्या. "साखर चौदा कट्टे व्हती... आता सात." त्यांनी पुन्हा हिशेब केला. "सातच. साखर सस्त झाली की वो. माझं ध्यानच न्हवतं."

"म्हनून डाक्टरनं बंद केली तुमची," हौसा मागून म्हणाली.

शाळेची फी आणि डॉक्टर हे दोन काही कट्ट्यांत बसेनात. थोरलीच्या वेळी शाळेला पाटी आणि झगा एवढंच लागायचं. नातवाच्या शाळेची फी आक्कांनी कट्ट्यांत मोजायला घेतली आणि सोडून दिली. "हितं कट्टं संपत्यात," त्या म्हणाल्या.

पुढचा आठवडा मी वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधीव अंकांत बाजारभाव शोधत बसलो. आक्कांचे कट्टे आणि छापील भाव ताडून पाहिले. त्या फक्त गुळात चुकल्या होत्या. तसं सांगितल्यावर म्हणाल्या, "त्यो गूळ माहेरचा. भाऊ निम्म्या भावात द्यायचा. त्यो नगा धरू."

मग मी आठवं प्रकरण चौथ्यांदा लिहिलं. त्यात निर्देशांक शेवटी आला. आधी कट्टे आले. ओट्यावर त्या दिवशी हौसा आणि आणखी दोघी होत्या. मी वाचलं. हात संथ चालत राहिले. शेवटच्या पानाला ते थांबले, आणि माझाही आवाज थांबला.

"म्हंजे," आक्का सावकाश म्हणाल्या, "वाढलेलं कुठं गेलंच न्हाय."

"नाही."

"ते आलंच न्हवतं. नुस्ता आकडा आलता."

"बरंचसं तसंच. साखरेपुरतं आलं. डाळीत आणि शाळेत त्याहून जास्त गेलं."

"मी उगंच स्वतःवर आळ घेत व्हते, सर," त्या म्हणाल्या. "वाटायचं, माझ्याच हातात कुठं तरी भोक हाय."

मग त्यांनी माझ्या हातातली पानं घेतली, कानाजवळ नेली, दाबली. आम्ही चौघंही त्यांच्या बोटांकडे बघत होतो.

"भरीव हाय," आक्का म्हणाल्या.

हौसाने सूप वाजवलं. दुसरीने आत जाऊन चहा टाकला, साखर घालून. आक्कांनी एक घोट प्यायला आणि म्हणाल्या, "आता ह्यो भाव ठरवतंय कोन, ते लिवा. नववं."

मी त्यांना विचारलं होतं, पुस्तकात तुमचं नाव घालू का. त्या म्हणाल्या, "नगं. लोक म्हंतील मास्तरानं बाई उभी केली. सवाल घाला. सवाल खरा हाय."

नववं प्रकरण मी सुरू केलं होतं. त्यानंतर दोन महिन्यांनी तो गुरुवार आला.

आक्कांचे दिवस झाल्यावर मी काही लिहिलं नाही. पावसाळा गेला. वाचनालयात जायचो तो मागच्या दाराने. दसऱ्याच्या आधी हौसाने मागच्या दारात गाठलं. "काय वो सर, ओट्यावरनं यायला लाजतासा? नववं कुठाय?"

"कुणाला वाचून दाखवू?"

"आमी काय बहिऱ्या हाय?" ती म्हणाली. "आनि मी आक्कासारखी मवाळ न्हाय. सांगून ठेवते."

ती मवाळ नव्हतीच. नववं तिने सहा वेळा परत दिलं.

पुस्तक या वर्षी बेळगावात छापून झालं. नऊ प्रकरणं आहेत. पहिल्या पानावर आक्कांचा प्रश्न आहे, नावाशिवाय. वाचनालयाला मी चार प्रती दिल्या. आज सकाळी नोंदवही बघितली. तीन बाहेर आहेत.